कोचच्या कॉलवर मुलीनं बोलायचं, बाबांनी नाही

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी बारावीला, वय १७. टेनिसच्या अंडर-१८ राष्ट्रीय स्पर्धा आणि काही आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) ज्युनियर स्पर्धा खेळली आहे, यूटीआर, म्हणजे खेळाची पातळी दाखवणारा आकडा, ८.४. अमेरिकेतल्या एका डिव्हिजन वन (कॉलेज खेळांतला सगळ्यात वरचा गट) कॉलेजच्या कोचनं, तिला संघात घ्यायचं का हे पाहण्यासाठी, गुरुवारी, ६ नोव्हेंबरला, त्यांच्या सकाळी आठ वाजता व्हिडिओ कॉल ठेवला आहे. त्यांचा सेंट्रल टाइम, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, असा घरातला हिशेब. मुलगी कोर्टवर बिनधास्त, पण अनोळखी माणसासमोर तोंड उघडत नाही. आतापर्यंतचे सगळे मेल तिच्या नावानं बाबांनीच लिहिले. कॉलला बाबा शेजारी बसले आणि अडलं तिथे बोलले तर चालेल का? आणि हातात असलेल्या दहा दिवसांत तिची तयारी कशी करायची?

ताई, आधी घड्याळाचं. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. यंदा तो रविवार २ तारखेला येतो. म्हणजे ६ तारखेला त्यांचे आठ वाजतील तेव्हा आपल्याकडे साडेसात झालेले असतील. माझी एक विद्यार्थिनी असाच घोटाळा होऊन पाऊण तास स्क्रीनसमोर बसून राहिली, कोचना आपल्यात रस उरला नाही असं समजून लॅपटॉप बंद केला आणि रडत प्रॅक्टिसला निघून गेली. कोचनी ठरल्या वेळी कॉल केला होता, उचलायला कोणी नव्हतं. तेव्हा ‘साडेसात’ असं कागदावर लिहून फ्रीजवर लावा. आदल्या दिवशी मुलीनं स्वतः दोन ओळींचा मेल टाकून वेळ पक्की करावी, त्यांची आणि आपली दोन्ही वेळा लिहून.

आता बाबांचं. नाही, त्यांनी शेजारी बसू नये. खोलीतही नको, दाराआडही नको. मी गेली बावीस वर्षं पुण्यात टेनिस शिकवते आहे आणि त्यातली बरीच वर्षं अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींची अशा कॉलची तयारी घेते आहे. वडिलांची काळजी मला कळते. दहा-बारा वर्षं पहाटे उठून मुलीला कोर्टवर सोडलेलं असतं, स्पर्धांसाठी रात्र-रात्र गाड्यांतून प्रवास केलेला असतो, आणि एका कॉलवर सगळं हातचं जाईल अशी धास्ती असते. पण कोचच्या बाजूनं विचार करा. मुलीचा फोरहँड त्यांनी व्हिडिओत पाहिला आहे. यूटीआर आणि निकाल त्यांच्यासमोर आहेत. खेळाबद्दल त्यांना जे हवं ते जवळपास सगळं कॉलच्या आधीच कळलेलं असतं. मग ते वेळ काढून बोलतात कशासाठी? तेरा-चौदा हजार किलोमीटरवर, आईबाबांशिवाय, ही मुलगी स्वतःचं स्वतः बघू शकेल का, हे ऐकण्यासाठी. खांदा दुखतोय हे ती फिजिओला जाऊन सांगेल की तीन आठवडे लपवेल? मॅचसाठी बाहेरगावी जाताना परीक्षा चुकणार असेल तर प्राध्यापकांकडे जाऊन बोलेल का? हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. शेजारून बाबांचा आवाज आला की ‘नाही’ असं उत्तर त्यांना मिळतं, आणि पुढे तिनं कितीही चांगलं इंग्रजी बोललं तरी ते बदलत नाही.

आपल्याकडे ‘आम्ही’ म्हणायची एक सवय आहे. ‘आमचं सध्या बॅकहँडवर काम चाललंय’, ‘आम्ही नाशिकला सेमीफायनलला हरलो.’ प्रेमापोटीच निघतं ते. पण मुलं ते ऐकत मोठी होतात आणि स्वतःच्या खेळाबद्दल एकट्यानं बोलायची त्यांना सवयच राहत नाही. शिवाय मोठ्यांसमोर गप्प बसणं म्हणजे शहाणपण आणि स्वतःबद्दल बोलणं म्हणजे आगाऊपणा, हे आपणच त्यांना शिकवलेलं असतं. तेव्हा तुमची मुलगी बुजरी आहे असं मी तरी लगेच मानणार नाही. तिला हे बोलणं कोणी मागितलेलंच नाही.

मेलचा गुंता आधी सोडवा. बाबांची भाषा आणि सतरा वर्षांच्या मुलीची भाषा वेगळी असते, रोज असे मेल वाचणाऱ्या कोचना ती ओळखू येते. वेळ पक्की करण्याच्या त्या मेलमध्येच तिनं सरळ लिहावं: आतापर्यंत मेलसाठी बाबा मदत करत होते, इथून पुढे मी स्वतः लिहीन. इंग्रजीत एखादी चूक राहिली तर राहू द्या, दुरुस्त करू नका.

तयारीची माझी पद्धत सांगते. आमच्या क्लबात रॅकेटला तार लावायचं मशीन ज्या खोलीत आहे, तिथे मी मुलीला समोर बसवते, फोन रेकॉर्डिंगला लावते आणि कोचसारखा पहिला प्रश्न इंग्रजीत विचारते: अलीकडे हरलेल्या एका मॅचबद्दल सांग. दोन वर्षांपूर्वी एका मुलीनं उत्तर दिलं, ‘आय प्लेड बॅड, कोच.’ आणि गप्प. मी पुन्हा विचारलं, तेच वाक्य, आवाज आणखी खाली. मग मी म्हटलं, बरं, मराठीत सांग. पुढची आठ मिनिटं ती थांबली नाही. दुसऱ्या सेटमध्ये ४-२ ने पुढे होते. समोरचीनं अचानक उंच, जड टॉपस्पिन बॅकहँडवर टाकायला सुरुवात केली. मी प्रत्येक बॉलला एकेक पाऊल मागे जात राहिले. मागे गेल्यावर माझा बॉल आखूड पडायला लागला आणि ती आत येऊन मारायला लागली. ४-४ ला मला कळलं होतं की बॉल वर चढायच्या आतच घ्यायला हवा, पण तेवढा धीर झाला नाही. हे सांगताना तिचा डावा हात आपोआप खांद्याच्या उंचीपर्यंत जात होता, बॉल कुठे येत होता ते दाखवायला. मी रेकॉर्डिंग तिला ऐकवलं आणि म्हटलं, हेच, एवढंच, इंग्रजीत. चार दिवसांनी तिला ते जमलं. व्याकरण मोडकंतोडकं होतं, पण ऐकणाऱ्याला मॅच दिसत होती.

म्हणून ताई, पहिले तीन-चार दिवस इंग्रजीला हातच लावू नका. तिला मराठीत बोलतं करा. तुम्हीच कोच व्हा, किंवा घरातली आत्या, मामा, कोणी तरी ज्यांना टेनिस कळत नाही असं माणूस बसवा. न कळणाऱ्याला समजावताना मुलं नीट उलगडून सांगतात. आपल्याकडे लोक नेमकं उलटं करतात: इंटरनेटवरून वीस प्रश्न काढतात, त्यांची गुळगुळीत इंग्रजी उत्तरं लिहून देतात आणि मुलांकडून पोपटपंची करून घेतात. कोचनी प्रश्न जरा फिरवून विचारला की सगळी पाठ केलेली उत्तरं कोसळतात. जे तिला मराठीत माहीत आहे तेच इंग्रजीत टिकेल.

प्रश्न साधारण ठरलेले असतात. तुझा रोजचा दिवस कसा असतो. कॉलेज टेनिस का, सरळ प्रो का नाही. काय शिकायचं आहे. आमच्याच कॉलेजमध्ये का. खेळातलं काय कमी आहे. दुखापती कोणत्या झाल्या. आणखी कोणत्या कॉलेजांशी बोलणं चालू आहे. निर्णय कधीपर्यंत घेशील. घरचं बजेट काय. यातल्या तीन ठिकाणी आपली मुलं घसरतात.

एक, दुखापत. लपवू नका, कधीच. मागच्या वर्षी मनगट दुखावलं होतं, सहा आठवडे विश्रांती घेतली, आता आठवड्यातून तीनदा अमुक व्यायाम करते, असं तारखांसकट सांगितलं की कोचना उलट भरवसा वाटतो. लपवलेली दुखापत तिथल्या पहिल्या वैद्यकीय तपासणीत निघते, आणि मग चार वर्षं ज्यांच्यासोबत काढायची त्यांचा विश्वास पहिल्याच आठवड्यात जातो.

दुसरं, बाकीची कॉलेजं. आपल्याला वाटतं, दुसऱ्यांशी बोलतोय म्हटलं तर राग येईल. येत नाही. तेही तुमच्या मुलीबरोबर आणखी दहा जणींशी बोलत असतात. खरं तेवढंच सांगावं. नसलेल्या ऑफर मात्र फुगवून सांगू नयेत, कोच एकमेकांना ओळखतात.

तिसरं, ‘येस कोच’. समजलं नाही तरी आपली मुलं हो म्हणतात, कारण पुन्हा विचारणं उद्धटपणाचं वाटतं. माझ्या एका विद्यार्थिनीला कोचनी विचारलं की ऑगस्टऐवजी जानेवारीतच येशील का, संघात जागा आहे. तिला वाक्य नीट ऐकू आलं नव्हतं. ती ‘येस कोच’ म्हणाली. फेब्रुवारीत तिची बारावीची बोर्डाची परीक्षा. तिकडे जानेवारीची तयारी सुरू झाली, आणि तीन आठवड्यांनी कागदपत्रं मागितली तेव्हा घरात कळलं. निस्तरताना सगळ्यांचीच दमछाक झाली. तेव्हा ‘सॉरी कोच, पुन्हा सांगाल का’ हे एक वाक्य मात्र तिच्याकडून रोज म्हणवून घ्या, जिभेवर बसेपर्यंत. आणि हो, तिकडे सर किंवा मॅडम म्हणत नाहीत, ‘कोच’ असंच म्हणतात, पुढे आडनाव. त्यात अनादर नाही हे तिला सांगून ठेवा, नाहीतर तिथेच जीभ अडखळते.

प्रोचा प्रश्न आला तर तिचं जे खरं उत्तर आहे ते द्यावं. कॉलेजला गेलं म्हणजे मोठ्या टेनिसची स्वप्नं सोडली, असा आपल्याकडे अजून समज आहे, म्हणून बाबांसाठीही हे लिहिते. सोमदेव देववर्मननं व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एनसीएएचं (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) एकेरीचं विजेतेपद जिंकलं आणि मग तो प्रो झाला. आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर तिनं मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक मिळवलं.

नियमांबद्दल थोडक्यात. डिव्हिजन वनचे टेनिस कोच अमेरिकन हिशेबानं दहावीचं वर्ष संपल्यावरच्या १५ जूनपर्यंत खेळाडूला भरतीबद्दल मेल किंवा फोन करू शकत नाहीत. त्याआधी उत्तर आलं नाही म्हणून खट्टू झालेले पालक मी बरेच पाहिलेत. तुमच्या बाबतीत ती तारीख केव्हाच उलटून गेली आहे. खेळाडूंची पात्रता तपासणाऱ्या एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरमध्ये नोंदणी केली नसेल तर कॉलच्या आधी करा, कोच विचारतीलच. नववीपासूनचे सगळे निकाल आणि बोर्डाची प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये हाताशी ठेवा. डिव्हिजन वनसाठी शाळेतले १६ मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ ची (४ पैकी) सरासरी लागते. गणिताची तीन वर्षं त्यात मोजतात. (तुमच्या पाठची जी मुलं आत्ता दहावीत आहेत, त्यांनी अकरावीला गणित सोडण्याआधी हे तपासून घ्यावं.) सॅट या प्रवेश परीक्षेची अट एनसीएएनं २०२३ मध्ये काढून टाकली, पण कॉलेज स्वतःच्या प्रवेशासाठी सॅट किंवा इंग्रजीची परीक्षा मागू शकतं. म्हणून ‘तुमच्या कॉलेजला काय लागतं’ हे मुलीनं कॉलवरच विचारावं.

पैशांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण इथेच घरं पोळतात. पहिल्या कॉलवर मुलीनं आकड्यांवर घासाघीस करू नये, पण विषय निघाला तर गडबडून ‘बाबांना विचारा’ असंही म्हणू नये. वर्षाला घरून किती देता येईल तो आकडा तिला आधी सांगून ठेवा. बऱ्याच घरांत मुलांना हा आकडा माहीतच नसतो, आणि मग ‘मनी इज नॉट अ प्रॉब्लेम, कोच’ असं बोलून मुलगी मोकळी होते. ते वाक्य मागे घेता येत नाही. ‘घरून वर्षाला इतके डॉलर शक्य आहेत, पुढचं बोलायला आईबाबा दुसऱ्या कॉलला येतील’ एवढं सांगणं पुरेसं आणि सभ्य आहे.

त्या दुसऱ्या कॉलला तुम्ही दोघं जा आणि नीट विचारा. स्कॉलरशिपमध्ये काय-काय येतं: फक्त ट्यूशन, म्हणजे शिकवण्याची फी, की बाकीची फी, राहणं, जेवण, पुस्तकंही? आरोग्यविम्याचे पैसे कोण भरणार? उन्हाळ्यात थांबावं लागलं तर खर्च कुणाचा? रक्कम एका वर्षासाठी की चार? दुखापतीनं वर्ष गेलं तर? फी दरवर्षी वाढते, मग स्कॉलरशिप टक्क्यांत आहे की डॉलरच्या ठरावीक आकड्यात? ‘फुल स्कॉलरशिप’ हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो.

यात नुकताच मोठा बदलही झाला आहे. डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या टेनिसला पूर्वी एका संघाला आठ स्कॉलरशिप देता येत. जून २०२५ मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या एका मोठ्या तडजोडीनंतर, जी कॉलेजं तिच्यात सामील झाली त्यांच्यावरची स्कॉलरशिपच्या संख्येची मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघात किती खेळाडू ठेवायच्या याची मर्यादा आली. टेनिससाठी ती दहा. सामील न झालेल्यांना जुन्या मर्यादा. मर्यादा उठली म्हणजे पैसे वाढले असं समजू नका, ते कॉलेजच्या खिशावर आहे. म्हणून मुलीनं विचारायचा माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न हा: पुढच्या वर्षी संघात किती जणी असतील, त्यातल्या किती या वर्षी पदवी घेऊन जातायत, आणि रिकाम्या जागा तुम्ही शाळेतून येणाऱ्या मुलींमधून भरणार की ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून? आता दुसऱ्या कॉलेजातल्या तयार, वीस-एकवीस वर्षांच्या खेळाडू घेणं कोचना सोपं झालं आहे. उत्तर गुळमुळीत आलं तर त्यातूनही बरंच समजतं.

तोंडी शब्द कुणालाच बांधत नाही, ना त्यांना ना तुम्हाला. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट म्हणून जो कागद असायचा तो एनसीएएनं ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद केला. आता कॉलेजच्या लेखी आर्थिक मदतीच्या करारावरच सगळं आहे. तो करार हातात येईपर्यंत बाकीच्या कॉलेजांशी बोलणं थांबवू नका. आणि हा करार कॉलेजशी असतो, कोचशी नाही. कोच नोकरी सोडून जातात. ‘हे कोच नसते तरी मी इथे शिकले असते का’ हे मुलीनं स्वतःला विचारून ठेवावं.

डिव्हिजन थ्री (सगळ्यात खालचा गट) आणि आयव्ही लीगची (हार्वर्ड, येलसारख्या आठ जुन्या विद्यापीठांचा गट) कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, तिथे मदत घरच्या परिस्थितीवरून ठरते, डिव्हिजन थ्रीत काही ठिकाणी अभ्यासातल्या गुणांवरूनही. तरी ती यादीतून काढू नका. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटीसारख्या ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांचीही पूर्ण गरज भागवली जाते. प्रवेश मिळवणं मात्र फार कठीण. आणि एजंट जर म्हणाला की मिळेल त्या स्कॉलरशिपच्या अमुक टक्के मला द्या, तर तिथूनच परत फिरा. तशी टक्केवारी एनसीएएच्या नियमांत बसत नाही आणि मुलीची पात्रता धोक्यात येते.

कॉल संपल्यावर तिला दहा मिनिटं एकटं राहू द्या. काय विचारलं, काय म्हणालीस, अशी उलटतपासणी लगेच नको. तिनं वहीत तारीख टाकून लिहावं: काय बोलणं झालं, काय कळलं नाही, पुढे काय करायचं ठरलं. त्याच रात्री आभाराचा छोटा मेल, ज्यात कॉलमधली एखादी नेमकी गोष्ट असेल.

आणि हे कॉलेज तिला नको वाटलं, तर तेही तिलाच सांगायचं आहे. आपण नको असलं की उत्तर देणं बंद करतो, समोरचा समजून घेईल म्हणून. त्या कोचनी तिच्यासाठी जागा धरून ठेवलेली असते. माझ्या विद्यार्थिनींसाठी हा कॉल सगळ्यात अवघड जातो, पहिल्या कॉलपेक्षाही. गेल्या वर्षी एकीनं माझ्यासमोर बसून तो केला. हात थरथरत होता, वाक्य तिनं कागदावर लिहून आणलं होतं. कोचनी शांतपणे ऐकून घेतलं, कोणतं कॉलेज निवडलंस विचारलं, शुभेच्छा दिल्या. दोन मिनिटांत सगळं झालं. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, ‘ताई, आता मी कुणाशीही बोलू शकते.’

तुमच्याकडे दहा दिवस आहेत. पहिले चार मराठीत, पुढचे चार इंग्रजीत, रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. नवव्या दिवशी ओळखीच्या पण घरच्या नसलेल्या कुणाला तरी खरोखर व्हिडिओ कॉल करायला सांगा. आवाज, उजेड, नेट सगळं कळेल. दहाव्या दिवशी सुट्टी, हवं तर थोडी सर्व्हिस मारू द्या. गुरुवारी सव्वासातला ती वही, पेन आणि पाण्याची बाटली घेऊन बसली की कोचना नमस्कार करायलासुद्धा थांबू नका, तो दुसऱ्या कॉलला होईल. बाबांना घेऊन बाहेर फिरून या आणि साडेआठच्या आत घरी परतू नका.